'साहुल' म्हणजे तीन दिवस की चार? कोरियन तारखांचा गुंता, सोप्या भाषेत

२०२० च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने १७ ऑगस्टला जादा सुट्टी जाहीर केली. १५ ऑगस्ट हा त्यांचाही मुक्तिदिन. त्या वर्षी तो नेमका शनिवारी आला होता, म्हणजे हक्काची सुट्टी बुडालीच. कोविडने लोक वैतागलेले, म्हणून सोमवारही सुट्टीचा करून टाकला. शनिवार, रविवार, सोमवार. बातम्यांत लिहून आलं की 'साहुल'ची सलग सुट्टी मिळणार. आणि 'नेव्हर' या तिथल्या लोकप्रिय शोधसंकेतस्थळावर बघता बघता 'साहुल' हा शब्दच सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांत जाऊन बसला. कारण कित्येक कोरियन लोकांच्या समजुतीने साहुल म्हणजे चार दिवस. मग बातमीवाले तीनच का मोजतायत?

गोंधळ अगदीच अकारण नव्हता. कोरियनमध्ये 'सा' म्हणजे चार. पण साहुलमधला 'सा' हा तो 'सा' नव्हेच. साहुल म्हणजे तीन दिवस, पूर्वीपासून.

कोरियन बोलतच मोठी झालेली माणसं जिथे घसरतात, तिथे आपल्याकडे मालिका बघून, गाणी ऐकून किंवा रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांत नोकरी लागली म्हणून कोरियन शिकायला घेतलेल्यांचं काय होत असेल? अक्षरं पंधरा दिवसांत येतात, 'आन्न्यॉङहासेयो' म्हणून वाकताही येतं. मग तारखांचा धडा येतो आणि गाडी अडते. पाठ्यपुस्तकात एका पानावर आकडे, दुसऱ्यावर वेगळेच आकडे, तिसऱ्यावर वार, चौथ्यावर महिने. करा पाठ.

याद्या पाठ करून हे प्रकरण सुटत नाही असं माझं मत आहे. कोरियन तारखांत तीन थर आहेत. एक चिनीतून आलेला, कागदावरचा. दुसरा घरचा, देशी, तोंडातला. तिसरा चंद्राचा, सणावारांचा. समोरचा शब्द कोणत्या थरातला आहे हे ओळखता आलं की पाठांतर निम्म्याने कमी होतं.

उच्चारांबद्दल आधीच सांगतो. देवनागरीत लिहिलेले उच्चार जवळपासचे आहेत, तंतोतंत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीचा 'ग' किंवा 'द' कोरियन माणूस असा काही म्हणतो की आपल्याला 'क' किंवा 'त' ऐकू येतो. 'थ', 'छ', 'फ' मात्र बिनधास्त आपल्यासारखे हवा सोडून म्हणा, 'फ' फळातला. इंग्रजीतून कोरियन शिकणारे इथे धडपडतात. आपल्याला ते जन्मतः येतं.

आकड्यांचे दोन संच कशासाठी?

चिनी मुळाचा संच असा: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, गु, शिप. देशी संच असा: हाना, दुल, सेत, नेत, दासॉत, यॉसॉत, इलगोप, यॉदॉल, आहोप, यॉल. दोन्ही एक ते दहाच. दोन्ही रोजच्या वापरातले आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

हे विचित्र वाटतं, पण आपण तरी वेगळं काय करतो? माणसं मोजताना एक, दोन, तीन, चार. तिथी सांगताना प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी. 'गणेश चार' असं कोणी म्हणत नाही आणि 'चतुर्थी केळी द्या' असंही कोणी म्हणत नाही. संस्कृतकडून घेतलेले आकडे एका कामाला, घरचे दुसऱ्या कामाला. कोरियनांनी संस्कृतच्या जागी चिनीकडून उसनवारी केली, एवढंच.

ढोबळ नियम असा धरा. कॅलेंडरवरच्या एखाद्या चौकटीचं नाव सांगायचं असेल, म्हणजे अमुक साल, अमुक महिना, अमुक तारीख, तर चिनी आकडा. किती झाले, किती उरले हे तोंडाने मोजायचं असेल तर देशी आकड्याची शक्यता जास्त. नियमाला अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत छळणारा घड्याळात आहे. तीन वाजून दहा मिनिटं म्हणजे 'से शी शिप बुन'. यातला तास देशी आकड्याने सांगितला, मिनिटं चिनी आकड्याने. एकाच वाक्यात दोन्ही संच! याला इलाज नाही, तोंडवळणी पडेपर्यंत म्हणत राहायचं.

चिनी संचाची एक गोष्ट मात्र सुखाची. दहाच्या पुढे नव्याण्णवपर्यंत काही नवं शिकावं लागत नाही. अकरा म्हणजे दहा-एक, वीस म्हणजे दोन-दहा, पस्तीस म्हणजे तीन-दहा-पाच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात ठेचा खात शाळा पार केलेल्या मराठी माणसाला ही शिस्त पाहून हेवाच वाटेल.

महिन्यांना नावंच नाहीत

जानेवारी, फेब्रुवारी असली नावं कोरियनमध्ये नाहीत. आकडा म्हणायचा आणि पुढे 'वॉल' लावायचं, झाला महिना. वॉल म्हणजे मुळात चंद्र. इर्वॉल, ईवॉल, सामवॉल, सावॉल, ओवॉल, युवॉल, छिर्वॉल, फार्वॉल, गुवॉल, शिवॉल, शिबिर्वॉल, शिबिवॉल.

बारकाईने पाहिलंत तर लक्षात येईल की आकडे जसेच्या तसे राहिलेले नाहीत. इल अधिक वॉल मिळून 'इर्वॉल', कारण दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ल' कोरियनमध्ये 'र' होतो. छिल आणि फालचंही तेच. हा नेहमीचा नियम आहे, सगळ्या भाषेला लागू. खरे अपवाद दोनच: जून आणि ऑक्टोबर. जून 'युकवॉल' व्हायला हवा होता, होतो 'युवॉल'. ऑक्टोबर 'शिबवॉल' व्हायला हवा होता, होतो 'शिवॉल'. म्हणायला सोपं जावं म्हणून शेवटचं व्यंजन गळालं आणि लिहितानाही तसंच लिहायचं ठरलं. परीक्षेत हमखास विचारतात.

तारीख सांगताना क्रम मोठ्याकडून लहानाकडे: आधी साल, मग महिना, मग दिवस. सालाला 'न्यॉन', दिवसाला 'इल'. १५ ऑगस्ट १९४५ ही तारीख होईल 'छॉन गुबेक साशिबो न्यॉन, फार्वॉल, शिबोइल'. यात छॉन म्हणजे हजार, बेक म्हणजे शंभर. लिहिताना मध्ये टिंबं देतात. कोरियन मलमाच्या नळीवर किंवा नूडल्सच्या पाकिटावर २७.०३.०५ असं छापलेलं दिसलं तर ते २७ मार्च २००५ नाही, ५ मार्च २०२७ आहे. पुढे 'क्काजी' ही अक्षरं असतील तर अर्थ 'पर्यंत', म्हणजे त्या दिवसापर्यंत वापरा. 'जेजो' असेल तर ती बनवल्याची तारीख. खाद्यपदार्थांवर २०२३ च्या १ जानेवारीपासून तिथे एक बदल झाला आहे. आधी 'युथोंग गिहान' छापत, म्हणजे दुकानात किती दिवस विकता येईल ते. आता 'सोबी गिहान' छापतात, म्हणजे घरी किती दिवस खाता येईल ते. विक्रीची मुदत संपली म्हणून चांगलं अन्न फेकलं जात होतं, ते थांबावं हा हेतू.

आता फसण्याची जागा. 'सामवॉल' म्हणजे मार्च. तीन महिने म्हणजे 'से दाल' किंवा 'साम गेवॉल'. दाल हाही चंद्रच, पण देशी. म्हणून त्याच्याबरोबर देशी आकडा, सेतचं 'से' होऊन. गेवॉल चिनी, म्हणून साम. शब्द आपापल्या थरातल्या आकड्याशीच जोडी जमवतात. भाड्याचा करार 'साम गेवॉल'चा आहे की 'सामवॉल'पर्यंतचा, यात पैशाचा फरक पडू शकतो.

एका 'इल'ची किती ओझी

'इल' म्हणजे एक. 'इल' म्हणजे दिवस. 'इल' म्हणजे सूर्य, म्हणून रविवारचं छोटं रूपही 'इल'. आणि 'इल' म्हणजे काम, हा शेवटचा देशी शब्द.

यातून एक मजेदार अडचण होते. अकरा म्हणजे शिप अधिक इल, म्हणताना 'शिबिल'. दहा तारीख म्हणजे शिप अधिक इल, म्हणताना 'शिबिल'. दोन्हींचा उच्चार एकच, कोरियन लिपीत स्पेलिंगही एकच! अकरा तारीख होते 'शिबिरिल'. वीस-एकवीसचंही असंच: 'ईशिबिल' हा नुसता आकडा असेल तर एकवीस, तारीख असेल तर वीस. फोनवर घाईत कोणी तारीख सांगितली तर शेवटी एक 'इल' होता की दोन, यावर एक दिवस इकडचा तिकडे होतो. कोरियन माणसंही मग वार विचारून खात्री करून घेतात. ही सवय आपणही लावून घ्यावी.

वार मात्र आपलेच आहेत

इथे मराठी माणसाला खरोखर फुकटचा फायदा आहे. कोरियन वार असे: सोमवार वॉर्योइल, मंगळवार ह्वायोइल, बुधवार सुयोइल, गुरुवार मोग्योइल, शुक्रवार गुम्योइल, शनिवार थोयोइल, रविवार इर्योइल. शेवटचं 'योइल' म्हणजे वार. त्यातल्या 'यो'चा अर्थ आकाशातली तेजस्वी ज्योत, ग्रह धरून.

पहिली अक्षरं चिनी मुळाची. वॉल चंद्र, ह्वा अग्नी, सु पाणी, मोक लाकूड, गुम सोनं किंवा धातू, थो माती, इल सूर्य. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात आणि विद्यार्थी मंगळवार म्हणजे आग, बुधवार म्हणजे पाणी असं घोकत बसतो. पण चिनी परंपरेत पाच ग्रहांना पाच तत्त्वांची नावं आहेत. मंगळ हा अग्नितारा, बुध जलतारा, गुरू काष्ठतारा, शुक्र सुवर्णतारा, शनी मृत्तिकातारा. आजही कोरियनमध्ये मंगळ ग्रहाला 'ह्वासॉङ' म्हणतात, सॉङ म्हणजे तारा. म्हणजे ह्वायोइल हा आगीचा वार नाहीच, तो सरळ मंगळाचा वार आहे. गुम्योइल शुक्राचा, थोयोइल शनीचा. आपलेच सात ग्रह, आपल्याच क्रमाने.

हा योगायोग नाही. ग्रहांवरून वार ठरवण्याची पद्धत भूमध्य समुद्राकडून भारतात आली आणि भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेली. आठव्या शतकात थांग राजवटीच्या काळात अमोघवज्र नावाच्या बौद्ध आचार्याने नक्षत्रं आणि ग्रहांवरचा एक ग्रंथ चिनीत आणला, त्यात हे सात वार आहेत. त्यावर ७६४ मध्ये लिहिलेल्या टीकेत वारांची भारतीय नावंही नोंदलेली आहेत. पूर्व आशियात ते बराच काळ ज्योतिषाच्या पोथ्यांपुरतेच राहिले. सात दिवसांचा आठवडा धरून कचेऱ्या आणि शाळा चालवायची रीत कोरियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली, आणि वारांची आजची नावं जपानच्या वाटेने आली.

बोलताना 'योइल' गाळून नुसतं पहिलं अक्षर वापरतात. शिकवणीचा वर्ग 'वॉल-सु-गुम' असेल तर सोम-बुध-शुक्र, 'ह्वा-मोक' असेल तर मंगळ-गुरू. शुक्रवारच्या रात्री मित्रांबरोबर धमाल असेल तर तो 'बुलगुम', पेटलेला शुक्रवार. सोमवारी सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्या आजाराचं नाव 'वॉर्योब्यॉङ', सोमवाररोग. रोगाचं नाव वेगळं, लक्षणं आपलीच.

मग साहुल कुठून आला?

तारखेचं नाव सांगणं निराळं आणि दिवस मोजणं निराळं. मोजायला देशी थरात स्वतंत्र शब्द आहेत: हारु एक दिवस, इथुल दोन, साहुल तीन, नाहुल चार, दास्से पाच, यॉस्से सहा, इरे सात, यॉदुरे आठ, आहुरे नऊ, यॉलहुल दहा. पंधरा दिवसांना बोरुम, आणि बोरुम म्हणजेच पौर्णिमा.

हे शब्द देशी आकड्यांचे भाऊबंद आहेत. शेजारी ठेवून पाहा. सेत आणि साहुल, नेत आणि नाहुल, दासॉत आणि दास्से, यॉसॉत आणि यॉस्से, यॉदॉल आणि यॉदुरे, आहोप आणि आहुरे. साहुलमधला 'सा' सेतचा आहे, चिनी चारचा नाही. हारु आणि इथुल या दोघांनाच वेगळं पाठ करावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, 'साम इल' म्हटलं तरी तीन दिवस होतातच की, मग हे जुने शब्द कशाला जिवंत ठेवायचे? २०२० च्या त्या वादात कोरियातही हाच सूर होता: बातमीवाल्यांनी सोपं लिहावं. दुसरा सूर होता की पोरांना आपली भाषा येईनाशी झाली. मला यात तरुणांची बाजू थोडी पटते, पण 'साम इल'मध्ये एक गोम आहे. त्याचा अर्थ तीन दिवस, तसा तीन तारीखही. 'साहुल' असं म्हटलं की आजच्या बोलण्यात तीन दिवसच. जुना शब्दच जास्त नेमका आहे. शिवाय हारु आणि इथुल तर रोज ऐकू येतात, त्यांना पर्याय शोधायची कोणाला गरज वाटत नाही. नाहुलच्या पुढचे शब्द कमी होत चाललेत, हे खरं.

आज, उद्या, परवा यांचीही नोंद करून ठेवा. ओनुल आज, ऑजे काल, नेइल उद्या, मोरे परवा, गुल्फी तेरवा. गेलेल्या परवाला 'गुजॉक्के' हा वेगळा शब्द आहे. मराठीत 'परवा' म्हटलं की गेलेला की येणारा ते क्रियापदावरून ओळखायचं असतं. कोरियनमध्ये ती भानगड नाही. यात नेइल तेवढा चिनी आहे. उद्यासाठीचा मूळ देशी शब्द वापरातून गेला. मराठीत नव्या पिढीला 'तेरवा' जितका माहीत असतो, तितकाच तिथे 'गुल्फी'.

छुसॉक दरवर्षी वेगळ्या तारखेला का?

आता तिसरा थर. कोरियाने १८९६ च्या १ जानेवारीला सौर कॅलेंडर स्वीकारलं. त्याआधीचा दिवस चांद्र गणनेने अकराव्या महिन्याची सोळावी तारीख होता. म्हणजे त्या वर्षीचे राहिलेले चांद्र दिवस सरकारी कागदांतून एका रात्रीत पुसले गेले. लोकांच्या घरातून ते गेले नाहीत. सौर गणनेला 'यांगन्यॉक', चांद्र गणनेला 'उम्न्यॉक'. सॉल्लाल हा नववर्षाचा सण पहिल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी, छुसॉक हा सुगीचा सण आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. घरातली वडीलधारी मंडळी वाढदिवस अजून उम्न्यॉकने धरतात, त्यामुळे नातवंडांना दरवर्षी आजीचा वाढदिवस शोधावा लागतो.

महाराष्ट्रात वाढलेल्याला यातलं काहीच परकं नाही. त्यांचा चांद्र महिना आपल्यासारखाच अमावास्येपाशी बदलतो. आठव्या महिन्याची पौर्णिमा बऱ्याचदा आपल्या भाद्रपद पौर्णिमेशी जुळते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि दुसऱ्याच दिवशी छुसॉक. इकडे विसर्जनाच्या मिरवणुकांचा शीण उतरत होता, तिकडे लोक पूर्वजांपुढे नव्या तांदळाच्या 'सोंगफ्यॉन' नावाच्या उकडीच्या करंज्या ठेवत होते.

पण हे दरवर्षी जुळेलच असं नाही. अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, त्याला 'युनदाल' म्हणतात, मात्र तो आपल्याबरोबरच पडतो असं नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला. आपल्याकडे त्या वर्षी अधिक मास नव्हता. त्यामुळे छुसॉक महिनाभर पुढे सरकला आणि ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या दिवशी आला. आणखी एक फरक. आपली तिथी सूर्योदयाशी बांधलेली, म्हणून कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. कोरियन चांद्र तारखा सरळ चालतात. ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तो दिवस पहिला, मग दुसरा, तिसरा, महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. मध्ये गाळणं नाही, दुप्पट करणं नाही.

या थरात देशी शब्द सर्वांत जास्त टिकले आहेत. महिन्याचा पहिला दिवस 'छोहारु', पौर्णिमा 'बोरुम', महिन्याचा शेवटचा दिवस 'गुमुम', वर्षाचा शेवटचा महिना 'सॉत्ताल'. सुट्ट्यांची भाषा मात्र सगळ्या थरांची खिचडी आहे. कॅलेंडरवर लाल छापलेला सुट्टीचा दिवस 'प्पालगान नाल', शब्दशः लाल दिवस. सण रविवारी आला तर बदली मिळणारी सुट्टी 'देछे गोंग्ह्युइल'. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एक कामाचा दिवस अडकला तर ती 'जिंगॉमदारी' सुट्टी. जिंगॉमदारी म्हणजे ओढा ओलांडायला पाण्यात टाकलेले दगड.

वयाचा कायदा बदलला, म्हणजे नेमकं काय झालं?

२८ जून २०२३ रोजी दक्षिण कोरियातली माणसं 'एका दिवसात एक-दोन वर्षांनी तरुण झाली' अशा बातम्या आपल्याकडेही झळकल्या. त्यामागेही मोजण्याचीच पद्धत आहे. पारंपरिक हिशोबाने मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढतं. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! पहिला दिवस किंवा पहिलं वर्ष शून्य न धरता एक धरायचं, ही ती सवय. बाळाचा शंभरावा दिवस 'बेगिल' साजरा करतात तोही जन्मदिवस एक धरून. प्रेमी जोडपी भेटीचा शंभरावा दिवस मोजतात, तोही तसाच.

नव्या कायद्याने सरकारी आणि दिवाणी कामात वाढदिवसावरून मोजलेलं 'मान नाई', म्हणजे पूर्ण झालेलं वय, हेच प्रमाण ठरलं. पण सगळीकडे नाही. सैन्यभरती, दारू आणि सिगारेट विकत घेण्याचं वय यांसाठी अजून चालू सालातून जन्मसाल वजा करतात. आणि गप्पांमध्ये तर कायद्याला कोण विचारतो? समोरच्याला आदराने बोलायचं की बरोबरीने हे वयावर ठरतं, म्हणून कोरियन माणूस थेट जन्मसाल विचारतो. १९९८ चा असेल तर 'गुफाल न्यॉनसेङ', नऊ-आठ सालचा जन्म. इथे चिनी आकडे. तेच वय वर्षांत सांगायचं तर 'साल' या शब्दाबरोबर देशी आकडे. वीस वर्षं म्हणजे 'सुमु साल'. सरकारी अर्जावर 'साल'च्या जागी 'से' येतो आणि आकडा पुन्हा चिनी होतो. थर बदलला की आकडा बदलला.

तारखा नुसत्या म्हटल्या की इतिहास

कोरियन बातम्या ऐकताना मध्येच कोणी 'युगिओ' म्हणतं आणि शिकणारा गडबडतो. तो शब्द शब्दकोशात अर्थ लावत बसण्याचा नाही, ते तीन आकडे आहेत: सहा, दोन, पाच. २५ जून १९५०, कोरियन युद्ध सुरू झालं तो दिवस. 'सामिल' म्हणजे तीन-एक, १ मार्च १९१९ ला जपानी राजवटीविरुद्ध उठलेलं आंदोलन. 'साइलगु' म्हणजे १९ एप्रिल १९६०, विद्यार्थ्यांचा उठाव, ज्याने अध्यक्ष री सिंगमन यांना पायउतार व्हावं लागलं. 'ओइलफाल' म्हणजे १८ मे १९८०, ग्वांगजू शहरात लष्करी सत्तेविरुद्ध झालेला उठाव. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि काही तासांत संसदेने तो हाणून पाडला. त्या घटनेचंही नाव लगेच 'शिबी-साम' पडलं, बारा-तीन.

आपण 'सव्वीस अकरा' म्हणतो तसंच हे, फक्त महिना आधी. आणि तारीख पूर्ण न वाचता आकडे सुटे वाचतात, म्हणून युवॉलमधला गळालेला 'क' इथे परत येतो आणि 'ग' होऊन ऐकू येतो.

हाच खेळ बाजारानेही उचलला आहे. ५-२ म्हणजे 'ओ-ई', आणि 'ओई' म्हणजे काकडी, म्हणून २ मे हा काकडीचा दिवस. ३-३ म्हणजे 'साम-साम', म्हणून ३ मार्चला 'सामग्यॉपसाल' हे डुकराच्या मांसाचे तुकडे स्वस्तात. पदार्थाच्या नावातलं 'साम' म्हणजे तीनच, तीन थरांचं मांस. आकडे लक्षात ठेवायला हे दिवस पाठ्यपुस्तकापेक्षा बरे.

फोन सांगतोच की, मग कशाला?

रास्त प्रश्न आहे. फिरायला जाणाऱ्याला महिने, वार आणि चिनी आकडे एवढ्यावर निभावतं. 'इलबाक ईइल', 'ईबाक सामिल' हेही त्याच आकड्यांतलं: एक रात्र दोन दिवस, दोन रात्री तीन दिवस. हॉटेलवाला तेच विचारणार.

नोकरीसाठी शिकणाऱ्यांनी मात्र आणखी एक जुडगा ठेवावा, कारण कचेरीतली पत्रं बोलीभाषेत नसतात. तिथे ओनुलच्या जागी 'गुमिल' येतो, नेइलच्या जागी 'इगिल', या आठवड्याला 'गुमजु', पुढच्या आठवड्याला 'छाजु'. गुमिल हा गुम्योइलचा संक्षेप वाटतो, आणि कोरियातले विद्यार्थीही तो शुक्रवार समजून फसलेले आहेत. उच्चार सारखा असला तरी इथला 'गुम' सोन्याचा नाही, 'आत्ता' या अर्थाच्या दुसऱ्या चिनी अक्षराचा आहे. गुमिल म्हणजे आज. सोमवारी आलेल्या पत्रात 'गुमिल क्काजी' असेल, तर साहेबांना काम सोमवारीच हवं आहे.